निकाल २०२१चा, पीपीओ २०२३चा आणि रिफंडची मुदत

माजी सैनिकांच्या आयकर रिफंडची मुदत कोणत्या दिवसापासून मोजावी, हा प्रश्न वर्तमानपत्रांत फारसा येत नाही. तो येतो आमच्यासारख्या रिटर्न भरून देणाऱ्यांच्या टेबलावर, आणि तोही बहुतेक वेळा मुदत उलटून गेल्यावर. दादरच्या माझ्या लहानशा कार्यालयात सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरीकडचे बरेच निवृत्त जवान येतात. पलटणीतून सुटल्यावर ते मुंबईत एखाद्या बँकेत सुरक्षारक्षक म्हणून लागतात, कळवा, दिवा किंवा नालासोपाऱ्याला घर घेतात, आणि एकीकडे पेन्शन व दुसरीकडे पगार अशी दोन उत्पन्ने एकत्र आली की साध्या हवालदारालाही आयकर लागतो. यांच्यापैकी ज्यांचे अपंगत्व निवृत्तिवेतन बऱ्याच वर्षांच्या झगड्यानंतर मंजूर होते, त्यांच्यावर आयकराच्या मुदती जो अन्याय करतात, त्याविषयी हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर असे की, ज्या हक्काचा निर्णय द्यायला सरकारनेच वर्षे लावली, त्या हक्कातून निघणाऱ्या रिफंडची मुदत त्या त्या कर आकारणी वर्षाच्या (म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतर येणाऱ्या वर्षाच्या) अखेरीपासून मोजणे गैर आहे. निर्णयाचा कागद सैनिकाच्या हाती पडेल त्या दिवसापासून ती मोजली गेली पाहिजे.

आधी करमुक्तीविषयी. सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या शारीरिक अपंगत्वापायी ज्याला सैन्य सोडावे लागले, त्याचे अपंगत्व निवृत्तिवेतन करमुक्त असते. ही सवलत ब्रिटिश अमदानीपासून, १९२२ सालच्या अधिसूचनेपासून चालत आलेली आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २ जुलै २००१च्या सूचनेत स्पष्ट केले की अशा निवृत्तिवेतनाचे दोन्ही भाग, म्हणजे नोकरीच्या वर्षांबद्दलचा ‘सर्व्हिस एलिमेंट’ आणि अपंगत्वाबद्दलचा ‘डिसॲबिलिटी एलिमेंट’, करमुक्तच धरायचे आहेत. पुढे २४ जून २०१९च्या परिपत्रकाने ही सवलत ‘इनव्हॅलिड आउट’ झालेल्यांपुरती, म्हणजे अपंगत्वापायी मुदतीआधीच सेवेतून मुक्त केलेल्यांपुरती, मर्यादित केली आणि पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्यांना वगळले. त्या परिपत्रकाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. तो वाद स्वतंत्र आहे आणि त्यावर कधीतरी सविस्तर लिहायला हवे. येथे मात्र मी मुद्दाम अशा माणसाचे उदाहरण घेते आहे, ज्याची करमुक्ती २०१९चे परिपत्रकही नाकारत नाही.

अडचण सुरू होते ती अपंगत्व कशामुळे आले हे ठरवण्यापाशी. सैन्यातून बाहेर पडताना मेडिकल बोर्ड अपंगत्वाची टक्केवारी लिहिते आणि त्याच कागदावर ते अपंगत्व सेवेशी संबंधित आहे की नाही, याविषयीही शेरा मारते. शेरा प्रतिकूल असला, तर जवान नुसते सेवेचे पेन्शन घेऊन घरी जातो आणि त्या पेन्शनवर नेहमीप्रमाणे कर लागतो. त्यानंतर पहिले अपील, दुसरे अपील आणि अखेर सशस्त्र दल न्यायाधिकरण, असा त्याचा प्रवास होतो. २००७च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण २००९पासून काम करू लागले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईतही आहे. भरतीच्या वेळच्या नोंदीत आजार नसेल, तर नंतर आलेले अपंगत्व सेवेमुळेच आले असे गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात सांगितल्यापासून असे दावे लढणे बरेच सुकर झाले. तरीही दावा दाखल होण्यापासून सुधारित पेन्शन प्रत्यक्ष खात्यात जमा होईपर्यंत लागणारा काळ महिन्यांत मोजता येत नाही. शिवाय २००८च्या तरसेम सिंग निकालानुसार उशिरा दावा लावणाऱ्याला थकबाकी साधारणतः दावा दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे सैनिकाच्या उशिराची किंमत तेथेच एकदा वसूल केलेली असते.

माझ्याकडे येणारे एक हवालदार तोफखान्यात होते. तोफांच्या आवाजाने त्यांचा एक कान जवळजवळ गेला आणि दुसराही अधू झाला. २००९ साली त्यांना वैद्यकीय कारणावरून सेवेतून मुक्त केले, पण बोर्डाने बहिरेपणाचा सेवेशी संबंध नाही असे लिहिले. मुंबईत ते बँकेत गार्ड म्हणून कायम झाले, पेन्शन आणि पगार दोन्ही दाखवून दरवर्षी वेळेवर रिटर्न भरत राहिले आणि वर्षाला दहा-पंधरा हजारांचा कर देत राहिले. अपिले फेटाळली गेल्यावर २०१७ साली त्यांनी न्यायाधिकरणात दावा लावला. सप्टेंबर २०२१मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. बहिरेपणा सेवेमुळेच आला असे ठरले आणि २०१४पासूनची थकबाकी मंजूर झाली.

आता हा निकाल करापुरता वाचला, तर त्याचा अर्थ असा होतो की २०१४पासून त्यांना मिळालेले संपूर्ण पेन्शन, नव्याने मिळालेले अपंगत्वाचे पैसे आणि आधीपासून मिळत असलेले सेवेचे पेन्शन, दोन्ही करमुक्त होते. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी पेन्शनवर भरलेला कर सरकारकडे नाहक जमा होता. पण निकालाची प्रत घेऊन आयकर खात्याकडे गेले तर तेथे पीपीओ, म्हणजे ‘पेन्शन पेमेंट ऑर्डर’, मागतात, कारण कोणत्या तारखेपासून किती रक्कम कोणत्या एलिमेंटची, हे त्या पेन्शन आदेशावरच लिहिलेले असते. सुधारित पीपीओ, ज्याला सगळे माजी सैनिक ‘कॉरिजेंडम’ म्हणतात, तो निकालानंतर आपोआप येत नाही. निकालाच्या अंमलबजावणीसाठी न्यायाधिकरणात पुन्हा वेगळा अर्ज करावा लागणे ही इतकी रोजची गोष्ट आहे की वकील फी सांगतानाच त्या अर्जाची फीही धरून सांगतात. हवालदारांचा कॉरिजेंडम २०२३च्या जूनमध्ये आला. त्यावर जुन्या आदेशाचा क्रमांक, अपंगत्वाची टक्केवारी, ‘आजीवन’ असा शेरा आणि अंमलाची तारीख, एवढा मजकूर होता. तो घडी पडून मऊ झालेला कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवला तेव्हा त्यांना वाटत होते की आता फक्त फॉर्म भरायचा राहिला आहे.

येथे मुदतींचे गणित सांगणे भाग आहे आणि ते कंटाळवाणे असले तरी सगळा अन्याय त्या गणितातच आहे. भरलेले रिटर्न सुधारण्याची मुदत एके काळी कर आकारणी वर्ष संपल्यानंतर आणखी एक वर्ष होती. आकारणी वर्ष २०१८-१९पासून ती त्या वर्षाच्या ३१ मार्चवर आणली गेली आणि २०२१-२२पासून ३१ डिसेंबरवर. ती हुकली की उरतो १९६१च्या कायद्यातील कलम ११९(२)(ख)खालचा विलंबमाफीचा अर्ज. हा अर्ज किती जुन्या वर्षासाठी करता येईल, हे मंडळाच्या परिपत्रकाने ठरते. ९ जून २०१५च्या परिपत्रकात आकारणी वर्षाच्या अखेरीपासून सहा वर्षांची मर्यादा होती. रिफंडचा हक्क न्यायालयाच्या आदेशातून निर्माण झाला असेल, तर न्यायालयात गेलेला काळ या सहा वर्षांतून वगळला जात असे. अट एवढीच की आदेश ज्या महिन्यात झाला त्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिने किंवा त्या आर्थिक वर्षाची अखेर, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तोवर अर्ज आला पाहिजे.

वाचताना ही अट उदार वाटते. हवालदारांच्या बाबतीत सप्टेंबर २०२१च्या अखेरीपासून सहा महिने म्हणजे ३१ मार्च २०२२, आणि आर्थिक वर्षाची अखेरही तीच. त्या तारखेला त्यांच्या हाती निकाल होता, पीपीओ नव्हता, थकबाकीचा एक पैसा नव्हता आणि पेन्शनच्या नोंदीत ते अजूनही निव्वळ सेवा पेन्शनवाले होते. कागद आला तोवर न्यायालयीन काळ वगळण्याची सवलत सव्वा वर्षापूर्वी संपून गेली होती. मग साधी सहा वर्षे मोजायची. आर्थिक वर्ष २०१४-१५ आणि २०१५-१६, म्हणजे आकारणी वर्षे २०१५-१६ आणि २०१६-१७, यांची मुदत अनुक्रमे ३१ मार्च २०२२ आणि ३१ मार्च २०२३ रोजी संपली होती. दोन वर्षे गेली, पुढची वाचली. मी कोऱ्या कागदावर वर्षांची यादी करून पहिल्या दोन ओळींवर काट मारली. काका बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, मी तर दरवर्षी जुलैच्या आत रिटर्न भरलंय. मग उशीर कुणी केला?” मी त्यांना म्हटले, “काका, कायदा ते विचारतच नाही.”

उरलेल्या वर्षांसाठी अर्ज केला, तेव्हा संबंधित कार्यालयातून पहिला प्रश्न आला तो असा की हा दावा मूळ रिटर्नमध्ये का केला नाही. जो हक्क तेव्हा सरकारच नाकारत होते, तो रिटर्नमध्ये कसा दाखवायचा होता, हे लेखी समजावून सांगावे लागले. सोबत मुंबई उच्च न्यायालयाचा २००९चा सीतलदास मोटवानी प्रकरणातील निर्णय जोडला. कायद्यातील ‘खरीखुरी अडचण’ या शब्दांचा अर्थ उदारपणे लावावा आणि विलंबमाफीच्या टप्प्यावर अधिकाऱ्याने दाव्याच्या गुणदोषांत खोलवर शिरू नये, असे त्यात सांगितले आहे. अर्ज मंजूर झाला आणि पैसे आले, पण व्याजाशिवाय. विलंबमाफीने मिळणाऱ्या रिफंडवर व्याज द्यायचे नाही, हेही परिपत्रकातच लिहिलेले आहे.

हे सगळे २०१५च्या परिपत्रकाखाली झाले. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मंडळाने नवे परिपत्रक काढले, त्यात सहाची पाच वर्षे केली आणि हा नियम त्याच दिवसापासून येणाऱ्या अर्जांना लागू केला. आकारणी वर्ष २०१८-१९चा रिफंड मागणाऱ्याला ३० सप्टेंबरच्या संध्याकाळपर्यंत वाटत होते की आपल्याजवळ ३१ मार्च २०२५पर्यंत वेळ आहे; दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कळले की आपली मुदत ३१ मार्च २०२४लाच संपलेली होती. नव्या परिपत्रकात अर्ज शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावा असे म्हटले आहे, ते चांगलेच आहे. न्यायालयीन काळ वगळण्याची तरतूदही कायम ठेवली आहे. पण तिचे शब्द तेच आहेत, आणि त्या शब्दांत दोन भोके आहेत. एक म्हणजे ती ‘न्यायालया’त गेलेल्या काळाविषयी बोलते, सशस्त्र दल न्यायाधिकरणाला न्यायालय मानायचे की नाही, यावर एखादा अधिकारी अडून बसला तर त्याचे तोंड बंद करणारे वाक्य परिपत्रकात नाही. दुसरे म्हणजे अपील समित्यांपुढे गेलेली वर्षे तिच्यात मुळीच धरलेली नाहीत. ज्याचे अपंगत्व दुसऱ्या अपिलातच मान्य झाले, म्हणजे ज्याने सरकारला कोर्टात न खेचता समजुतीने हक्क मिळवला, त्याला एका दिवसाचीही सूट नाही. भांडखोर म्हणवून घेतल्याशिवाय मुदत वाढत नाही, असा त्याचा अर्थ झाला.

मुदत असूच नये, असे माझे म्हणणे नाही. जुने व्यवहार केव्हातरी बंद झालेच पाहिजेत, बँकांकडे आणि कार्यालयांकडे कागद अनंत काळ राहत नाहीत, आणि खोटे दावे तपासणे वर्षे उलटतील तसे अवघड होते, हे खात्याचे म्हणणे रास्त आहे. पण यातले एकही कारण हवालदारांना लागू पडत नाही. त्यांच्या कराची नोंद २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या व भरलेल्या कराच्या वार्षिक विवरणात, आहे, आणि ते विवरण खात्याच्याच संगणकावर आकारणी वर्ष २००९-१०पासून उपलब्ध आहे. पेन्शनची नोंद संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ प्रणालीत आहे, जी प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडून चालते. दाव्याच्या खरेपणाबद्दल तर न्यायाधिकरणाचाच निकाल आहे. जे तपासायचे ते सगळे सरकारच्याच दोन कपाटांत ठेवलेले आहे.

त्यातही खात्याने स्वतःसाठी घड्याळ वेगळे लावून घेतले आहे. २०२२ साली ‘अपडेटेड रिटर्न’ ही सोय आली. राहून गेलेले उत्पन्न दाखवून जादा कर भरायचा असेल, तर आकारणी वर्ष संपल्यानंतर आधी २४ महिने आणि २०२५च्या वित्त कायद्यापासून ४८ महिने दार उघडे आहे. पण त्याच रिटर्नमधून रिफंड मागता येत नाही किंवा वाढवताही येत नाही. करदात्याने उत्पन्न दडवले असा संशय आला आणि रक्कम ५० लाखांच्या पुढची असली, तर खाते आकारणी वर्षाच्या अखेरीपासून सव्वापाच वर्षांपर्यंत मागे जाऊ शकते. थकलेल्या मागणीवर दरमहा १ टक्का व्याज लागते, नेहमीच्या रिफंडवर दरमहा अर्धा टक्का मिळते आणि विलंबमाफीच्या रिफंडवर काहीच नाही. हे सगळे प्रत्येक करदात्यालाच लागू आहे, हे खरे. मात्र इतर करदात्याचा उशीर बहुधा त्याचा स्वतःचा असतो. माजी सैनिकाच्या बाबतीत एक मंत्रालय हक्क मान्य करायला वर्षे लावते आणि दुसरे मंत्रालय त्या वर्षांचा हिशेब त्याच्या नावावर मांडते. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लादता किंवा वसूल करता येणार नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २६५ सांगतो. करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अधिकाऱ्यांनी घेऊ नये, असे मंडळाने स्वतः ११ एप्रिल १९५५च्या परिपत्रकात सांगून ठेवले आहे. येथे तर अज्ञानाचाही प्रश्न नाही. माणसाला माहीत होते, मान्य करायचे राहिले होते ते सरकारने.

हाच प्रश्न अमेरिकेत कसा हाताळला गेला, ते पाहण्यासारखे आहे, कारण तेथे त्यावर दोनदा कायदा झाला. २००८च्या कायद्याने अशी सोय केली की माजी सैनिक विभागाने अपंगत्व मागाहून मान्य केल्यामुळे निवृत्तिवेतनाचा काही भाग पूर्वलक्षी करमुक्त झाला, तर रिफंड मागण्याची मुदत त्या निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षापर्यंत वाढेल. मात्र निर्णयाच्या पाच वर्षांपेक्षा आधी सुरू झालेली करवर्षे उघडता येणार नाहीत. मुदतीचे घड्याळ निर्णयाच्या दिवशी सुरू करण्याचे तत्त्व तेथे कायद्यात आले, हे महत्त्वाचे. दुसरा प्रसंग अधिक लाजिरवाणा होता. लढाईत जखमी झाल्यामुळे सैन्य सोडावे लागलेल्यांना मिळणाऱ्या एकरकमी रकमेवर संरक्षण खात्याने १९९१पासून कित्येक वर्षे चुकीने कर कापला होता. डिसेंबर २०१६मध्ये ‘कॉम्बॅट-इन्जर्ड व्हेटरन्स टॅक्स फेअरनेस ॲक्ट’ संमत झाला आणि नेहमीची तीन वर्षांची मुदत बाजूला ठेवून १९९१पर्यंतची वर्षे उघडली गेली. संरक्षण खात्याने लाभार्थी शोधून काढायचे, त्यांना पत्र पाठवायचे, आणि पत्राच्या तारखेपासून एक वर्षात त्यांनी दावा करायचा, असे ठरले. जुलै २०१८मध्ये १,३०,०००हून अधिक माजी सैनिकांना पत्रे गेली. जुने कागद शोधत बसावे लागू नये म्हणून ठरावीक रकमेचा पर्याय ठेवला होता: १९९१ ते २००५साठी १,७५० डॉलर, २००६ ते २०१०साठी २,४०० आणि २०११ ते २०१६साठी ३,२००.

त्या व्यवस्थेचे मी कौतुक करते, पण आंधळेपणाने नाही. चूक सरकारची, रक्कम सरकारला माहीत, पत्ता सरकारजवळ, आणि तरीही अर्ज सैनिकानेच करायचा व तोही वर्षाच्या आत, हे मला पटत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी सैन्य सोडलेल्या माणसाचा पत्ता किती वेळा बदलला असेल! आपल्याकडे तर या बाबतीत सोय अधिक आहे. स्पर्शमध्ये प्रत्येक निवृत्तिवेतनधारकाचा पॅन नोंदलेला असतो. सुधारित पीपीओ निघाला की कोणत्या वर्षी किती पेन्शन करमुक्त ठरले, याचे वर्षवार विवरण त्याच प्रणालीतून निघू शकते आणि ते आयकर खात्याकडे जाऊ शकते. सैनिकाने अर्ज करण्याचे कारणच उरत नाही.

तेवढे होईतोवर मंडळाने निदान परिपत्रक दुरुस्त करावे. पाच वर्षांची मर्यादा कायद्यात लिहिलेली नाही, ती मंडळानेच घातलेली आहे. तिच्यासाठी संसदेत जायला नको. सशस्त्र दलांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनापुरती मुदत सुधारित पीपीओ मिळाल्यापासून एक वर्ष धरावी, मागे किती वर्षे जायचे ते पीपीओवरील अंमलाच्या तारखेवरून ठरावे, न्यायाधिकरण आणि अपील समित्या यांचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि उशीर सरकारचा असेल तेथे व्याजही द्यावे. केवळ सैनिक म्हणून ही वेगळी वागणूक द्या, असे मी म्हणत नाही. ज्याचे अपंगत्व ठरवणारे, पेन्शन देणारे आणि कर घेणारे एकच सरकार आहे, असा दुसरा कोणी सापडला तर त्यालाही हाच नियम लावावा.

परिपत्रक आज आहे तसेच असल्यामुळे, ज्यांचे दावे चालू आहेत त्यांना मी एवढेच सांगते की निकाल लागला की कॉरिजेंडमची वाट पाहत बसू नका. निकालाची प्रमाणित प्रत, त्या त्या वर्षांचे २६एएस आणि जुना पीपीओ जोडून विलंबमाफीचा अर्ज निकालानंतरच्या सहा महिन्यांतच ऑनलाइन टाका; सुधारित पीपीओ नंतर सादर करू, असे अर्जातच लिहा, आणि अंमलबजावणीसाठी न्यायाधिकरणात अर्ज केला असल्यास त्याचा क्रमांकही द्या. ज्यांचा निर्णय अपील समितीकडून आला असेल त्यांना वगळलेला काळ मिळणार नाही, तेव्हा त्यांनी सरळ पाच वर्षे मोजावीत: आर्थिक वर्ष २०२०-२१मध्ये कापल्या गेलेल्या कराचा रिफंड मागायचा असेल, तर अर्ज ३१ मार्च २०२७च्या आत गेला पाहिजे.